पडद्यावरचा दादा

पालकसभा संपली की खरी सभा जिन्यात भरते. सह्या करून मोकळ्या झालेल्या आया पर्स सावरत रेंगाळतात, वडील गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभे राहतात आणि वर्गात बोलायचं राहून गेलेलं तिथे निघतं. परवा अशाच एक ताई म्हणाल्या, "बाई, आमची ही त्या यूट्यूबवाल्याला दादा म्हणते. त्याच्या पायाला लागलं तर हिला दोन घास जाईनात. आणि घरचा दादा तापाने फणफणलेला, त्याला पाणी हवंय का म्हणून विचारलंन नाही!" सगळे खो खो हसले. त्या हसण्यात विषय वाहून गेला, म्हणून आज तोच घेऊन तुमच्याशी बोलायला बसले आहे.

फोनबद्दल आपण बोलतो ते तासांच्या हिशेबात. किती वेळ बघितलंस, आता पुरे, चार्जरच काढून ठेवते. पण पोर कोणाला बघतं आणि त्या माणसाशी त्याचं काय नातं जुळलंय, हे आपण क्वचित विचारतो. बहुतेक मुलं फोनवर शंभर माणसं बघत असली तरी त्यांतली दोन-तीनच त्यांची 'आपली' असतात. रोज दिसणारी, रोज बोलणारी. वर्षभरात काकापेक्षा, मामापेक्षा त्यांचाच आवाज मुलाच्या कानावर जास्त पडतो. नातं म्हटलं की त्यात रीतभात आलीच. पाहुण्याशी कसं वागावं, शिक्षकांशी कसं बोलावं हे आपण शिकवतो. या नात्याची रीत मात्र पोरं कमेंटमधल्या गर्दीकडून शिकतात, आणि त्या गर्दीला रीत असतेच असं नाही.

आधी एक पथ्य. मुलाच्या आवडीची टिंगल करू नका. "कोण तो टिनपाट? काम ना धंदा, कॅमेरा घेऊन फिरतोय" असं म्हटलंत की संवाद तिथेच आटोपला. आपल्या पिढीनेही काही कमी केलेलं नाही, आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीने तर विचारूच नका. चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर व्यवसायाने दंतवैद्य. 'अश्रूंची झाली फुले'मधला त्यांचा लाल्या रंगमंचावर आला की नाट्यगृहात शिट्ट्यांचा पाऊस पडायचा, पुढचं वाक्य ऐकूच यायचं नाही. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं झाल्यावर शेवटी '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' असं छापलं जायचं आणि त्या एका नावावर तिकिटं खपायची. शिट्ट्या मारणारे ते लोक कोण होते? आजचे शांत, सोवळे आजोबा. माणसाला कोणीतरी भावतं, त्याच्यासाठी वेडं व्हावंसं वाटतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट मूल ज्याच्यासाठी वेडं झालंय त्याचा एक व्हिडिओ त्याच्या शेजारी बसून पूर्ण बघा. मधे उठून कुकर बंद करायला जाऊ नका. त्या माणसात मुलाला काय दिसतं ते पंधरा मिनिटांत कळतं, आणि बरेचदा आपल्यालाही तो माणूस आवडून जातो!

आता मुद्द्याकडे येते. घाणेकरांचा प्रेक्षक आणि आपलं मूल यांच्यात एक मोठा फरक आहे. तो समजावून सांगायला आपल्याच अंगणासारखी जागा नाही.

शिमग्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खेळे घरोघरी येतात. काळा झगा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी लावलेला संकासुर पोरांच्या मागे धावतो आणि पोरं किंचाळत आईच्या पदरात शिरतात. खेळ होतो, पोस्त म्हणजे बक्षिसी दिली जाते. मग तोच संकासुर टोपी काढून ओट्यावर बसतो, घाम पुसतो, कपबशीत चहा ओततो आणि म्हणतो, "वयनी, साखर जरा कमीच घाला हां." पदराआडून बघणाऱ्या पोराला एकदम उमगतं की हा तर वाडीतला अमका काका. दोन महिन्यांनी तोच आंब्याच्या पेट्या भरताना दिसतो. म्हणजे मुलाला खेळही दिसायचा आणि खेळ उतरवून ठेवणारा माणूसही. भीती, कौतुक, आदर हे सगळं त्या दोन दर्शनांतून आपोआप तयार व्हायचं. कुणाला शिकवावं लागायचं नाही.

पडद्यावरचा दादा टोपी काढताना कधी दिसत नाही. तुम्ही म्हणाल, का नाही? तो तर स्वयंपाकघर दाखवतो, आईशी भांडताना दाखवतो, झोपेतून उठलेला चेहरा दाखवतो. पण ताईंनो, दादांनो, तोही खेळच आहे. वाईट अर्थाने म्हणत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवून, नको ते कापून, आवाज नीट करून मगच ते 'घर' आपल्या घरात येतं. त्यात तो सरळ डोळ्यांत बघून "काय मंडळी, जेवलात का?" विचारतो, प्रेक्षकांना 'फॅमिली' म्हणतो. बारा वर्षांच्या मुलीला ते आपल्यालाच विचारल्यासारखं वाटतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच यावर लिहून ठेवलंय. तेव्हा टीव्ही नवा होता. पडद्यावरून थेट आपल्याशी बोलणाऱ्या निवेदकाशी प्रेक्षकांची जवळीक जुळते, ती प्रेक्षकाला अगदी खरी वाटते, पण ती एकाच बाजूने वाहते, असं त्यांचं निरीक्षण होतं. तेव्हा निवेदक निदान उत्तर तरी देत नव्हता. आता तो कधीमधी कमेंटला लाल बदाम देतो, लाइव्हमध्ये एखादं नाव उच्चारतो. आशा कायम जागी राहते.

माझ्या वर्गातली एक मुलगी महिनाभर एका गायिकेच्या प्रत्येक व्हिडिओखाली लिहीत होती. एकदाही उत्तर आलं नाही, तेव्हा वहीत तोंड खुपसून रडली. मी तिला उपदेश केला नाही, फळ्यावर गणित मांडलं. त्या गायिकेच्या एका व्हिडिओवर समजा पाच हजार कमेंट आल्या. एक वाचून दोन शब्द लिहायला दहा सेकंद धर. झाले पन्नास हजार सेकंद. त्याचे तास किती? मुलींनी भागाकार केला. जवळजवळ चौदा तास! एका व्हिडिओचे. "मग ती रियाज कधी करणार?" मागच्या बाकावरून एकीने विचारलं. रडणाऱ्या मुलीने डोळे पुसले आणि म्हणाली, "गाणंच नको का मग आपल्याला." तिचं दुःख गेलं असं नाही, पण गायिकेवरचा राग गेला. घरी करून बघा हे गणित.

चाहत्यांनी कसं वागावं आणि कसं वागू नये, याला आपल्या जाखडीहून चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. शक्ती-तुऱ्याचा 'जंगी सामना' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब सुरू होतात आणि मंडप दोन तुकड्यांत वाटला जातो. शक्तीवाले एकीकडे, तुरेवाले दुसरीकडे. एका शाहिराने कोडं टाकलं की त्याचे लोक उसळतात, दुसऱ्याने ते सोडवून उलटा टोला दिला की पलीकडचे. मधेच कुणी उठून बक्षीस देतो आणि माइकवरून नाव, गाव, रक्कम पुकारली जाते. एकशे एक रुपये का असेनात, पुकारलं जातं म्हणून देणाऱ्याची छाती फुगते. आज यूट्यूबवर लाइव्ह चालू असताना पैसे देऊन आपली कमेंट रंगीत पट्टीत वर झळकवतात ना, सुपर चॅट म्हणतात तिला, ते हेच बक्षीस. फरक इतकाच की मंडपात पूर्ण नोट शाहिराच्या हातात पडायची. इथे शंभरातले साधारण सत्तर कलाकाराला मिळतात, बाकी कंपनी ठेवते.

गणपतीनंतर दिवाळीपर्यंत हे सामने गाजतात, मुंबईच्या नाट्यगृहांतही होतात, चाकरमानी तुफान गर्दी करतात. आता ते सगळे यूट्यूबवर चढतात. रत्नागिरी, संगमेश्वर, लांज्याकडची मुलं पाठ होईपर्यंत बघतात. पूर्वी नावही न कळणारा ढोलकीवाला आता पोरांना नावानिशी माहीत असतो, हे मला फार बरं वाटतं. पण खाली कमेंटमध्ये जे चालतं ते वाचवत नाही. शाहिराने स्टेजवर प्रतिस्पर्ध्याला डिवचलं तर तो सामन्याचा भाग आहे, त्याला चाल आहे, यमक आहे, समोरच्याला उत्तर द्यायची संधी आहे. सामना संपला की तेच दोघे शाहीर एकमेकांना हात जोडतात आणि बरेचदा एका पंगतीला जेवतात. त्यांचे चाहते मात्र पंधरा दिवस एकमेकांच्या आईबहिणी काढत बसतात. ज्याच्यासाठी भांडायचं तो जेवून झोपला, आणि हे जागे!

तर माझ्या शाळेतला आठवीतला एक मुलगा. वडील रिक्षा चालवतात, आजोबा जाखडीत झांज वाजवायचे. हा मोबाइल लोट्याला टेकवून ढोलकी शिकला. त्याच्या आवडत्या शाहिराच्या एका व्हिडिओखाली दुसऱ्या बाजूच्या कुणीतरी घाणेरडं लिहिलं. याने त्याहून घाणेरडं लिहिलं आणि अभिमानाने मित्रांना दाखवलं. ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी त्याला विचारलं, "हे वाक्य त्या शाहिरांसमोर उभं राहून मोठ्याने म्हणशील?" म्हणाला, "नाय बाई." "आजोबांसमोर?" मान खाली. मग मी त्याला एकच काम दिलं. तो व्हिडिओ पुन्हा ऐक आणि ढोलकीबद्दल तुला जे कळतं ते लिही. चार दिवसांनी त्याने लिहिलं, की दादा, गवळण एक नंबर, पण दुसऱ्या कडव्यात झांज आणि ढोलकी पुढेमागे झाली. मला वाटलं, आता याच्यावर तुटून पडतील. शाहिरांनीच उत्तर दिलं: बरोबर पकडलंस बाळा, त्या दिवशी माइकचा घोळ होता, तू वाजवतोस का? त्या "वाजवतोस का"ने पोराचं वर्ष उजळलं.

यात मला हवं ते सगळं आलं. मुलाने शाहिराला देव केलं नाही आणि पायदळीही तुडवलं नाही, त्याच्या कामाकडे नीट लक्ष दिलं. शाहिरानेही बारक्या पोराची चूक काढण्याची हिंमत मानली. दोन्हीकडून मान. नुसतं 'लय भारी' आणि आगीची दहा चित्रं टाकणं सोपं आहे, शिव्या देणंही सोपं आहे. ऐकून, समजून दोन ओळी लिहायला वेळ लागतो. तो वेळ हाच मान. मुलांना याची सवय लावा. व्हिडिओ आवडला तर नेमकं काय आवडलं ते एका वाक्यात सांग, नाही आवडला तर का तेही सांग, पण माणसाच्या रंगावर, बोलण्यावर, आईबापावर जाऊ नकोस.

रंगावर आणि बोलण्यावर म्हणताना सूरज चव्हाण आठवतो. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा हा मुलगा टिकटॉकवर आला तेव्हा त्याच्या बोलण्याची, दिसण्याची नक्कल करून हसणं हा आपल्याकडे घरोघरचा उद्योग झाला होता. व्हिडिओ बघायचे आणि त्यालाच मूर्ख म्हणायचं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच सूरज 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व जिंकला आणि हसणारेच टाळ्या वाजवू लागले. तो कार्यक्रम मला काही फार आवडत नाही, ते असो. पण मुलांना विचारण्यासारखा प्रश्न त्यात आहे: मधल्या काळात तो बदलला की आपण?

आता एक नाजूक गोष्ट. रत्नागिरीतल्या मांडवीच्या जेट्टीवर एका संध्याकाळी एक नावाजलेला व्लॉगर बायको आणि लहान मुलासोबत भेळ खात बसला होता. कॅमेरा नव्हता, सुट्टीवर आलेला दिसत होता. दहा मिनिटांत त्याच्याभोवती कडं झालं. पोरं फोन उंचावून उभी. त्याचं मूल घाबरून रडायला लागलं, आई त्याचा चेहरा ओढणीने झाकू लागली, तरी फोन खाली होईनात. एक बुजरा मुलगा बाजूला उभा होता. त्याच्या वडिलांनी त्याला खांद्याला धरून पुढे ढकललं. "जा ना, लाजतोस काय? फोटो काढ, परत थोडाच भेटणार आहे!" मूल थांबलं होतं हो. त्याला समजलं होतं. ढकललं आपण.

"एवढं सगळं दाखवतात, मग फोटोला काय झालं?" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. दुकान उघडं असताना गिऱ्हाईक आत येतं, शटर खाली असताना येत नाही. इतकं साधं आहे हे. कॅमेरा बंद असलेला माणूस घरच्यांचा असतो. दुरून हात करावा, तो हसला तर आपणही हसावं. फोटो हवाच असेल तर विचारावं, आणि "आज नको" म्हणाला तर "बरं" म्हणून पुढे जावं. त्याच्या मुलाबाळांचा फोटो तर विचारूनही काढू नये. आणि 'नाही' म्हणाला म्हणून रात्री 'माज आलाय' अशी कमेंट टाकू नये.

कलाकाराने आपल्यासाठी सदैव हजर असावं ही अपेक्षा मात्र नवी नाही, ती आपल्या परंपरेत चांगली मुरलेली आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रेक्षकांचा विरस नको म्हणून त्यांनी प्रयोग केला. प्रेक्षकांना ते 'अन्नदाते मायबाप' म्हणत. ही गोष्ट आपण शंभर वर्षं डोळ्यांत पाणी आणून सांगतो, निष्ठेचा आदर्श म्हणून सांगतो. मला ती सांगताना अलीकडे अडखळायला होतं. त्यांचा त्याग मोठाच. पण आपण, म्हणजे प्रेक्षक, त्या संध्याकाळी घरी गेलो असतो तर काय बिघडलं असतं? मायबाप म्हणवून घ्यायचं, तर लेकाचं दुःख कळायला नको?

आता आपल्या काळातलं एक दुःख. दोडामार्गजवळच्या सासोलीत शिरीष आणि पूजा गवस 'रेड सॉइल स्टोरीज' या नावाने व्हिडिओ करत. मुंबई सोडून गावाकडे आलेलं जोडपं, मातीचा रंग, चुलीवरचं जेवण, पावसाचा आवाज. कोकणाबाहेरच्या आणि परदेशातल्या लोकांनीही त्यांना जीव लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये शिरीष गेले, ऐन तरुण वयात. त्यांना कधीही न भेटलेली माणसं त्या दिवशी ओक्साबोक्शी रडली. माझ्या शेजारच्या काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. ते रडणं खोटं नव्हतं, त्याला कुणी हसू नये. मुलं अशा वेळी विचारतात, आता आपण काय करायचं? सांगावं की वाईट वाटतंय ते लिही, पुरे. कसं झालं, का झालं, आता पुढे काय, व्हिडिओ कधी, हे विचारायचं नाही. शेजारी मयत झाली तर आपण दारात जाऊन कारणांची चौकशी करत नाही. तीच रीत इथे. घरच्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा ते बोलतील, आणि कधीच वाटलं नाही तरी तो त्यांचा प्रश्न. कामाबद्दलही तसंच. चिपळूणचा विनोदी नट ओंकार भोजने याने 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सोडली तेव्हाही आपल्याकडच्या कितीतरी घरांत रुसवा धरला गेला होता. आवडत्या नटाची आठवण काढावी, परत ये म्हणावं, गोड आहे ते. पण त्याने कुठे काम करावं हे ठरवायचा हक्क आपल्याला शंभर भाग बघितल्याने मिळत नाही.

आणि कलाकार खरोखर चुकला तर? चुकतात की. फेब्रुवारी २०२५ मध्ये रणवीर अलाहबादिया या यूट्यूबरने एका विनोदी कार्यक्रमात आईवडिलांवरून इतका ओंगळ प्रश्न विचारला की देशभर संताप उसळला, गुन्हे दाखल झाले, त्याने माफी मागितली. संताप योग्यच होता, माझाही झाला. पण त्यानंतर लोक रुग्ण असल्याचं भासवून त्याच्या डॉक्टर आईच्या दवाखान्यात घुसले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, असं त्यानेच लिहिलं. आईबापाच्या सन्मानासाठी पेटलेली माणसं दुसऱ्याच्या आईच्या दवाखान्यात घुसतात, याला काय म्हणावं? मुलाला सांगा: आवडलं नाही तर बघणं बंद कर, तक्रारीचं बटण असतं ते दाब, कायदा आहे. त्याच्या घरच्यांपर्यंत पोचायचं नाही. बाईमाणसाला ती नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा मेसेज करणं, तिची ऑनलाइन पाळत ठेवणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि 'मी फॅन आहे' हा त्यावर बचाव नाही.

इतका वेळ चाहत्यांनाच धुतलं. कलाकारांकडेही येणं आहे.

ज्या मुलाने तुम्हाला दादा म्हटलं त्याला गिऱ्हाईक म्हणून फसवायचं नाही, ही पहिली अट. पैसे घेऊन क्रीमची, ॲपची शिफारस करणार असाल तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१ मध्ये तशी नियमावली आणली, २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही मार्गदर्शिका काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणं तर २०२५ च्या कायद्याने गुन्हाच ठरवलंय. मुलांना व्हिडिओतली जाहिरात ओळखायचा खेळ लावून द्या. "आई, आत्ता दादाचा आवाज बदलला बघ, हे पैसे घेतलेलं वाटतं," असं माझ्या वर्गातली मुलं सांगतात आणि त्यात त्यांचं प्रेम तिळभर कमी होत नाही. दादाचं घर चालायला हवं हेही त्यांना कळतं. लपवलं तर मात्र त्यांना लागतं. बक्षीस द्यायचं असेल तर ते आईच्या यूपीआयवरून गुपचूप जाता कामा नये. खाऊच्या पैशातून, विचारून, रक्कम आधी ठरवून. "तू पाठवलं नाहीस तर मी चॅनल बंद करीन" असं रडगाणं गाऊन मुलांकडून पैसे काढणारा मोठा माणूस कलाकार असेल, दादा नव्हे.

याहून गंभीर बाब. कुठलाही मोठा माणूस, कितीही प्रसिद्ध असो, तुमच्या मुलाशी खासगीत मेसेज करत असेल, फोटो मागत असेल, 'घरी सांगू नको' म्हणत असेल, तर तिथे मानबिन काही नाही. बरेचदा तो कलाकार नसतोच, त्याच्या नावाचं नकली खातं असतं. तू लकी फॅन आहेस, या लिंकवर जा, ओटीपी सांग. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. पैशाची फसवणूक असेल तर १९३०, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८. आणि मुलाला आधी जवळ घ्या, प्रश्न नंतर. 'तुला सांगितलं होतं ना' हे वाक्य एकदा ऐकलेलं मूल पुढच्या वेळी येत नाही.

काही घरांत आता मूलच कलाकार आहे. पोवाडा म्हणतं, नाचतं, आजीसोबत रील करतं. कौतुक आहे. एवढंच बघा की कमेंट आधी तुम्ही वाचता, गणवेश आणि घराचा रस्ता व्हिडिओत दिसत नाही, आणि मूल "आज नको" म्हणालं की आज नकोच. मांडवीवर त्या व्लॉगरसाठी जे मागितलं ते तुमच्या पोरासाठीही मागते आहे.

परवाच्या त्याच जिन्यात शेवटी एका वडिलांनी विचारलं होतं, "बाई, आमच्या लेकीला त्या चित्रकार ताईला पत्र लिहायचंय. लिहू देऊ का?" मला रत्नागिरीच्याच सुनीता ठाकूर आठवल्या, म्हणजे आपल्या सुनीताबाई देशपांडे. १२ जून १९४६ रोजी याच गावात पु. लं.शी त्यांचं लग्न झालं. पुढे जी. ए. कुलकर्ण्यांशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. जी. ए. धारवाडात, गर्दीपासून लांब राहणारे. पण पत्रं मात्र भरभरून लिहीत. सुनीताबाईंची पत्रं 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत. आपल्या नगर वाचनालयातून आणून वाचा, एक माणूस दुसऱ्याच्या लेखनावर किती जीव लावून आणि तरी किती आब राखून बोलू शकतो ते दिसेल.

म्हणून त्या वडिलांना म्हटलं, जरूर लिहू द्या. चॅनलवर दिलेला ईमेल असतो, त्यावर तुमच्या खात्यावरून पाठवा. पहिलं नाव आणि इयत्ता पुरे, शाळा, पत्ता, फोन नंबर नको. कोणतं चित्र आवडलं, त्यातला कोणता रंग, का, हे लिहिलं पाहिजे. तिनेही काढलं असेल तर त्याचा फोटो जोडा. "मला उत्तर द्याच" असं नको. शुद्धलेखन तुम्ही सुधारू नका, तिचं तिला राहू दे. पाठवून झालं की तिला सांगा, आता दोघी आपापल्या चित्राला लागा.

ते म्हणाले, "आणि उत्तर आलंच तर?"

तर मला दाखवायला आणा, मलाही बघायचंय.